मैदानावर दिवे लावायचेत? सुरुवात वीजबिलापासून करा

डिसेंबरात कोल्हापुरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. शाळा पाचला सुटते, क्लास सहाला संपतो, शिरोली नाहीतर गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतून जनरल शिफ्ट करून आलेला पोरगा साडेसहाला बूट बांधायला बसतो. तोवर मैदानावर अंधार. मग पोरं कोपऱ्यातल्या रस्त्याच्या दिव्याकडे सरकतात आणि तिथं पडलेल्या उजेडाच्या तुकड्यात पासिंग करत राहतात. मुलींचा सराव तर साडेपाचलाच आवरता घ्यावा लागतो, कारण अंधार पडल्यावर पोरीला मैदानावर थांबू द्यायला घरचे तयार नसतात. दिव्यांची गरज कुणाला समजावून सांगावी लागत नाही. अडतं ते पैशावर, आणि पैसे मिळाले की वेगळ्याच गोष्टीवर.

मी आमच्या उपनगरातल्या मैदान समितीचा हिशेब सांभाळतो. आमच्या मैदानावर दिवे दोनदा लागले. पहिल्यांदा निधी मिळाला, सहा खांब उभे राहिले, नारळ फुटला, फोटो निघाले. बिल कुणी भरायचं हे मात्र कुणीच ठरवलं नव्हतं. मीटर मंडळाच्या नावावर. पहिली तीन बिलं वर्गणीतून भरली, चौथं थकलं आणि आठव्या महिन्यात पुरवठा तुटला. पुढचे दोन पावसाळे खांब नुसतेच उभे. त्यातच एका रात्री जमिनीतली केबल उकरून कुणीतरी नेली. दुसऱ्यांदा लावलेले दिवे आजही रोज संध्याकाळी लागतात. दोन्ही वेळा खांब सारखेच होते. दुसऱ्या वेळी आम्ही निधीसाठी कुणाच्या दारात जायच्या आधी वर्षभराचं वीजबिल बँकेत ठेवलं होतं, एवढाच फरक. पुढचं सगळं त्याच अनुभवातून लिहिलंय. ज्या मंडळाला, तालमीला किंवा कॉलनीला हे काम पहिल्यांदाच करायचंय, त्यांच्यासाठी.

पहिली पायरी: युनिटचा आकडा काढा

कुणालाही भेटण्याआधी कागद-पेन घेऊन बसा. उजेड लक्समध्ये मोजतात. दिव्यातून निघणारा प्रकाश लुमेनमध्ये मोजतात; एक चौरस मीटर जागेवर एक लुमेन प्रकाश पडला की तो एक लक्स. क्रीडा प्रकाशासाठी युरोपात ईएन १२१९३ नावाचं मानक वापरतात. त्यात फुटबॉलच्या सरावाला आणि साध्या खेळाला ७५ लक्स, क्लब पातळीच्या सामन्याला २०० आणि मोठ्या स्पर्धेला ५०० लक्स धरलेत. आपल्याकडे भारतीय मानक ब्युरोची २०१० सालची राष्ट्रीय प्रकाश संहिता, एसपी ७२, आहे. महापालिकेचा किंवा सार्वजनिक बांधकामचा विद्युत अभियंता तिचा आधार घेतो. आपण सरावासाठी १०० लक्स धरून चालू.

मैदान १०० मीटर बाय ६० मीटर असेल तर क्षेत्रफळ ६,००० चौरस मीटर. १०० लक्सने गुणलं की ६ लाख लुमेन. पण दिव्यातून निघालेला सगळा प्रकाश मैदानावर पडत नाही, साधारण अर्धाच पडतो असं धरा. म्हणजे १२ लाख लुमेन. धूळ बसते, दिवा जुना होतो, त्यासाठी आणखी सूट ठेवली की १५ लाख. चांगला एलईडी फ्लडलाइट एका वॉटला १२० लुमेनच्या आसपास देतो. १५ लाखांना १२० ने भागा: १२,५०० वॉट, म्हणजे साडेबारा किलोवॉट. सहा खांबांवर प्रत्येकी चार, असे ५०० वॉटचे २४ दिवे लावले की १२ किलोवॉट होतात. हिशेब जवळपास जुळला.

हेच २०० लक्सला करा, लोड, म्हणजे एका वेळी लागणारी वीज, दुप्पट, २५ किलोवॉट होतो. इथं एक गोष्ट लक्षात ठेवा. महावितरणच्या बिगर-घरगुती लघुदाब जोडणीत २० किलोवॉटच्या पुढे गेलं की बिलाची पद्धतच बदलते. मागणी आकार, म्हणजे लोडपोटी द्यायची रक्कम, केव्हीएवर (लोड मोजायचं एकक) लागतो आणि एकही दिवा लावला नाही तरी महिन्याला तो भरावा लागतो. म्हणून पहिल्या टप्प्यात हौसेनं सामन्याच्या उजेडाची मागणी करू नका. तुमच्या मैदानावर वर्षातले सव्वादोनशे दिवस सराव होतो, सामने चार-पाच दिवस. सामन्यांसाठी भाड्यानं जादा दिवे आणता येतात.

आता बिल. १२ किलोवॉट, रोज दोन तास, महिन्याचे २५ दिवस: ६०० युनिट. सगळे आकार धरून युनिटला समजा १५ रुपये पडले तर महिन्याला ९,००० रुपये. पावसाळ्याचे तीन महिने मैदान चिखलात असतं ते वगळा, वर्षाचे ८१,००० रुपये. १५ हा आकडा मी उदाहरणासाठी घेतलाय. शेजारच्या दुकानदाराचं चालू बिल मागा, एकूण रकमेला युनिटांनी भागा आणि आलेला दर इथं घाला. दिव्यांच्या दोन रांगा वेगवेगळ्या स्विचवर घेतल्या की धावण्याच्या आणि व्यायामाच्या दिवशी अर्धेच लागतात, बिलही तेवढं उतरतं.

हा आकडा बघून छाती दडपली तर छोटं करा. कबड्डी किंवा व्हॉलीबॉलच्या एका मैदानाला, कडेची मोकळी जागा धरून, २४ बाय १५ मीटर पुरतात. तिथं २०० लक्स दिले तरी वरच्याच पद्धतीनं हिशेब दीड किलोवॉटवर येतो, म्हणजे मोठ्या मैदानाचा आठवा हिस्सा. माझं स्पष्ट मत असं, की नव्या मंडळानं आधी एक छोटं मैदान उजळावं. दोन वर्षं बिल वेळेवर भरून दाखवलेल्या मंडळाला मोठ्या मैदानाचा निधी मागताना फार बोलावं लागत नाही.

दुसरी पायरी: बिलाचा धनी ठरवा

सर्वात चांगलं म्हणजे मैदान महापालिकेचं असेल तर बिलाची जबाबदारी महापालिकेनं लेखी घेणं. तोंडी होकार धरू नका. अधिकारी बदलून जातो, त्याच्याबरोबर शब्दही जातो. पत्रात दिव्यांची वेळ, मीटर कुणाच्या नावावर आणि दुरुस्ती कुणाकडे या तीन गोष्टी हव्यात.

ते जमलं नाही तर बिल वाटून घ्यावं लागतं. आमच्याकडे संध्याकाळी खेळणारे दोन फुटबॉल संघ, मुलींचा कबड्डी संघ, सकाळी अंधारात चालायला येणारी ज्येष्ठ मंडळी आणि उन्हाळी शिबिर घेणारे प्रशिक्षक असे पाच वाटेकरी आहेत. मुलींच्या संघाचा वाटा आम्ही शून्य ठेवला, आणि यावर बैठकीत वाद झाला तेव्हा एका आजोबांनी तो वाटा स्वतःच्या नावावर लिहून घेतला. बाकीच्यांनी दर महिन्याच्या ५ तारखेच्या आत ठरलेली रक्कम मंडळाच्या खात्यावर भरायची. हातात रोख कुणीच घ्यायची नाही. स्पर्धा झाली तर प्रवेश फीतला ठरलेला हिस्सा थेट वीज खात्यात. आणि सुरुवातीलाच एका वर्षाचं बिल मुदत ठेवीत. ही ठेव फक्त बिल थकण्याची वेळ आली तरच मोडायची, तोही ठराव करून.

जोडणी कोणत्या वर्गात बसते हेसुद्धा अर्जाच्या वेळीच महावितरणच्या उपविभाग कार्यालयात लेखी विचारून घ्या. मैदान शाळेचं, पालिकेचं की खासगी क्लबचं, यावर वर्ग आणि दर ठरतो. चुकीच्या वर्गात पडलेली जोडणी नंतर बदलून घेणं फार जिकिरीचं. आणि कायमची जोडणीच मागा. तात्पुरत्या जोडणीवर सराव चालवणं खिशाला परवडत नाही.

तिसरी पायरी: जागा कुणाची

शहरात असाल तर नगर भूमापन कार्यालयातून प्रॉपर्टी कार्डाचा उतारा काढा, हद्दीबाहेरच्या गावात सातबारा. "पिढ्यान्‌पिढ्या आम्हीच खेळतोय" हे खरं असलं तरी फायलीत चालत नाही. जागा महापालिकेची, जिल्हा परिषदेची, शासनाची, देवस्थानची की एखाद्या शिक्षण संस्थेची, हे कळलं की ना हरकत दाखला कुणाकडून घ्यायचा ते कळतं. शहराच्या विकास आराखड्यात जागेवर क्रीडांगणाचं आरक्षण आहे का तेही नगररचना विभागात बघा. दुसऱ्याच कामाचं आरक्षण असेल तर तिथं कायमचा खांब उभा करायला परवानगी मिळणं अवघड. जागा वादात असेल, कोर्टात असेल, तर सार्वजनिक निधीचा नाद तिथंच सोडा आणि दुसरं मैदान बघा.

चौथी पायरी: मंडळाची कागदपत्रं

आपल्याकडच्या कितीतरी तालमी आणि तरुण मंडळं जुनी, नोंदणीही जुनी. अडचण अशी की धर्मादाय आयुक्त कार्यालयातल्या परिशिष्टावर, म्हणजे तिथल्या नोंदीवर, विश्वस्त म्हणून जी नावं आहेत, त्यातले काही जण वारलेत, काही पुण्याला गेलेत. नवीन कार्यकारिणी दर वर्षी निवडली जाते, पण बदल अर्ज कुणी भरत नाही. बँक, कंपनी आणि सरकारी कार्यालय परिशिष्टावरची नावं बघतात. त्यामुळे बदल अर्ज आधी दाखल करा, त्याला वेळ लागतो. बरोबर मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल, पॅन कार्ड आणि दोन किंवा तीन सह्यांनी चालणारं बँक खातं तयार ठेवा. नोंदणीच नसेल आणि लोकवर्गणी गोळा करायची असेल, तर गणेशोत्सव मंडळं घेतात तशी धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते.

पाचवी पायरी: पैसे

आता मुख्य गोष्ट. माझ्या अनुभवात एकाच ठिकाणाहून सगळे पैसे मिळवण्याच्या नादात वर्षं जातात. प्रत्येक देणाऱ्याला जे देणं सोपं जातं, ते त्याच्याकडून घ्या. सरकारी निधीतून टिकाऊ, जमिनीत रुतलेली गोष्ट होते: पाया, खांब, केबल, पॅनेल. कारखानदाराला वस्तू देणं सोपं जातं, म्हणजे दिवे. आणि घराघरातून येणारा पैसा बिलासाठी ठेवावा, कारण तेवढ्याच एका गोष्टीला दुसरं कुणी पैसे देत नाही.

आमदार निधी. महाराष्ट्रात आमदाराला स्थानिक विकासासाठी वर्षाला ५ कोटी रुपयांची कामं सुचवता येतात. विधान परिषदेच्या आमदारांनाही हा निधी असतो, हे बरेच जण विसरतात. खासदार निधीही वर्षाला ५ कोटींचाच. ही योजना १९९३ पासून चालू आहे. आपल्या जिल्ह्यात लोकसभेचे दोन मतदारसंघ, कोल्हापूर आणि हातकणंगले. शिवाय राज्यसभेचा खासदार राज्यातल्या कुठल्याही जिल्ह्यात काम सुचवू शकतो. ५ कोटी ऐकायला मोठे वाटतात, पण त्यात रस्ते, गटारी, सभामंडप, शाळाखोल्या असं सगळ्या मतदारसंघाचं मागणं बसवायचं असतं.

नवीन माणसाची इथं एक ठरलेली चूक होते. आमदारांचं किंवा खासदारांचं पत्र हातात पडलं की पैसे मिळाले असं वाटतं. ते फक्त शिफारस पत्र असतं. ते जिल्हाधिकारी कार्यालयाच्या नियोजन शाखेत जातं. तिथून काम करणारी यंत्रणा ठरते, ती महापालिका असेल किंवा सार्वजनिक बांधकामचा विद्युत विभाग. तिचा अभियंता जागेवर येऊन अंदाजपत्रक करतो, तांत्रिक मंजुरी होते, प्रशासकीय मान्यता होते, मग निविदा आणि शेवटी कार्यादेश. पैसा मंडळाच्या हातात कधीच येत नाही आणि यायलाही नको. तुमचं काम म्हणजे फाइल कुठल्या टेबलावर आहे हे दर पंधरा दिवसांनी नम्रपणे विचारत राहणं, आणि प्रत्येक पत्राची आवक क्रमांक टाकलेली पोच जपून ठेवणं.

खासदार निधीच्या नियमांत आवर्ती खर्च बसत नाही. म्हणजे वीजबिल, रखवालदार, काही नाही. उलट काम सुरू व्हायच्या आधी त्याची देखभाल कोण करणार याची हमी मागितली जाते. दुसऱ्या वेळी आम्ही अर्जाला वर्षभराच्या बिलाच्या ठेवीची पावती जोडली होती. अंदाजपत्रक करायला आलेल्या अभियंत्यांनी तो कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, "साहेब, हे पहिल्यांदाच बघतोय." तिथून पुढे आमची फाइल कुठं अडली नाही.

जिल्हा वार्षिक योजनेतून क्रीडा विभागाची क्रीडांगण विकास अनुदान योजना चालते. सपाटीकरण, कुंपण, धावनपथ, पिण्याचं पाणी अशा कामांबरोबर मैदानावरच्या फ्लडलाइटची सोयही तिच्यात बसते. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन आपलं मैदान त्यात बसतं का, चालू वर्षाची मर्यादा किती आणि अर्ज कधी घेतात, एवढं विचारा. अर्जाचा नमुना तिथंच मिळतो.

महापालिकेचं अंदाजपत्रक मार्चअखेर ठरतं, त्यामुळे मागणी नोव्हेंबर-डिसेंबरातच गेली पाहिजे. फेब्रुवारीत दिलेलं पत्र पुढच्या वर्षावर जातं. निवडणुकीची आचारसंहिता लागली की नवीन कामांच्या मंजुऱ्या थांबतात, हेही मनात धरून तारखा आखा. आमदार-खासदारांना भेटायचं तर एप्रिल ते जूनमध्ये, नवीन वर्षाचा निधी मोकळा असताना.

अर्ज कसा लिहायचा यावर थोडं बोलतो. आपल्याकडचा प्रत्येक अर्ज "राजर्षी शाहू महाराजांच्या या क्रीडानगरीत" असा सुरू होतो. मग खाशाबा जाधवांचं १९५२ चं कांस्य, मग स्वप्नील कुसाळेचं २०२४ चं पॅरिसचं कांस्य. अभिमान सगळ्यांनाच आहे, वाचणाऱ्यालाही. पण त्याच्या टेबलावर असे दहा अर्ज असतात. त्याला हवं असतं ते तुमच्या मैदानाबद्दल. आम्ही दोन आठवडे गेटवर वही ठेवली. रोज कोण आलं, वय किती, मुलगा की मुलगी, कुठला खेळ, किती वाजता आलं आणि अंधार पडला म्हणून किती वाजता गेलं. शेवटचा रकाना सगळ्यात बोलका ठरला. पानभर नावांसमोर एकच वेळ होती, सव्वासहा. त्या पानाची झेरॉक्स अर्जाला जोडली. अर्ज एका पानाचा, सोबत मैदानाचा हातानं काढलेला नकाशा, जागेचा उतारा, ना हरकत, लोडचा हिशेब आणि बिलाची व्यवस्था. एवढं पुरे.

कंपन्यांचा सामाजिक निधी, ज्याला सगळे सीएसआर म्हणतात, तो २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार येतो. नक्त मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातली एक मर्यादा ओलांडणाऱ्या कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करावा लागतो. कायद्याच्या सातव्या अनुसूचीत ग्रामीण, राष्ट्रीय मान्यताप्राप्त, पॅरालिम्पिक आणि ऑलिम्पिक खेळांच्या प्रशिक्षणाचा उल्लेख आहे. म्हणून प्रस्तावात "दिवे हवेत" एवढंच लिहू नका, त्या उजेडात कुठल्या खेळाचं कसलं प्रशिक्षण चालणार ते लिहा. कंपनी संस्थेमार्फत पैसे देणार असेल तर संस्थेचा सीएसआर-१ नोंदणी क्रमांक लागतो, तो २०२१ पासून सक्तीचा आहे. त्याआधी आयकर खात्याची १२ए (संस्थेला करमाफी) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) नोंदणी लागते. हे सगळं नसलेल्या मंडळानं अशी नोंदणी असलेल्या शाळेला किंवा ट्रस्टला बरोबर घ्यावं.

शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत मोठ्या कंपन्या आहेत. पण आपली खरी ताकद आहे फाउंड्रीवाल्यांत. त्यातल्या कित्येकांना सीएसआर लागूही होत नाही, तरी माणसं देतात, कारण त्यांनी स्वतः याच मैदानांवर खेळून काढलेलं असतं. आम्ही एका फाउंड्रीच्या मालकांकडे गेलो ते रोख मागायला. त्यांनी ड्रॉइंग मागितलं, चष्मा लावून बघितलं आणि म्हणाले, "पैशाचं नंतर बघू भावा. या खांबाची बेस प्लेट बारीक हाय. वाऱ्याला टिकायची न्हाई." त्यांनी दिवे तर दिलेच, शिवाय ठेकेदाराबरोबर बसून प्लेटची जाडी वाढवून घेतली. तो सल्ला देणगीइतकाच मोलाचा होता.

लोकवर्गणीत प्रत्येक पैशाला पावती द्या आणि नावांचा फलक मैदानावर लावा. त्यात ५१ रुपयेवाल्याचंही नाव हवं. ८०जीची सवलत रोखीतल्या २,००० रुपयांच्या पुढच्या देणगीला मिळत नाही, म्हणून मोठी रक्कम चेकनं किंवा यूपीआयनं घ्या.

सहावी पायरी: काम चालू असताना उभं राहून बघा

निविदा निघाली, ठेकेदार आला, की समितीतल्या दोघांनी रोज हजर राहायचं. भांडायला जायचं नाही, बघायला जायचं.

खांबांची उंची आणि जागा आधी. खांब बाजूरेषेच्या बाहेर, चार-पाच मीटर लांब, मैदानाच्या लांबीच्या दोन्ही बाजूंना. गोलपोस्टच्या मागे खांब नको, फॉरवर्डच्या डोळ्यात उजेड जातो. आणि गोलजवळच्या कोपऱ्यात ठेवला तर कॉर्नरचा चेंडू उंच आला की गोलकीपर आंधळा होतो. खांबापासून मैदानाची लांबीच्या दिशेची मध्यरेषा ३५ मीटरवर असेल तर खांब साधारण १३ ते १६ मीटर उंच हवा. पैसे वाचवायला रस्त्यावरचे ९ मीटरचे खांब लावलेत तर दिवा आडवा फिरवावा लागतो आणि सगळा झगझगाट समोरच्याच्या डोळ्यात. खांब गॅल्व्हनाइज केलेला असावा, आणि वाऱ्याचा हिशेब आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागाप्रमाणे केलाय का ते अंदाजपत्रक करणाऱ्याला विचारा. काळ्या मातीत पाया वरवरचा घेतला तर दोन-तीन पावसाळ्यांत खांब कलतो.

केबल जमिनीखाली पाऊण मीटर खोल, वर विटा आणि खुणेचे दगड. आपल्याकडे मैदानावर मांडव पडतात, जत्रेचे पाळणे येतात. मांडवासाठी खड्डा मारणाऱ्याला केबल कुठून जाते हे माहीत नसतं, आणि त्याच्या पहारीखाली तीनशे-चारशे व्होल्ट असतात. केबलचा नकाशा पॅनेलच्या दारावर आतून चिकटवा.

पॅनेल किती उंच बसवायचा हा प्रश्न कोल्हापुरात वेगळाच विचारावा लागतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३. २०१९ आणि २०२१ च्या पुरात पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. दुधाळीसारख्या नदीकडच्या सखल भागात मैदान असेल तर शेजारच्या घरांच्या भिंतीवरची पुराची खूण बघा आणि मीटर, पॅनेल त्याच्या वर घ्या. पावसाळ्यात मैदान बंद करताना मेन स्विच काढून ठेवायची सवय लावा.

अर्थिंग आणि गळती करंट तोडणारा ब्रेकर, या दोन गोष्टींत तडजोड नको. खांबाला हात लावून पोरं पाणी पितात, ओल्या अंगानं टेकून उभी राहतात. प्रत्येक खांबाला स्वतंत्र अर्थिंग आणि त्याचं रीडिंग लेखी घ्या. एप्रिल-मेमध्ये वळीव येतो तो विजांसकट येतो, म्हणून पॅनेलमध्ये सर्ज प्रोटेक्टर (अचानक वाढलेला दाब अडवणारं उपकरण) हवा. नाहीतर एका कडकडाटात दिव्यांचे ड्रायव्हर, म्हणजे दिव्याला वीज पुरवणारे सर्किट, जळतात. दिवे आयपी ६५ किंवा ६६ दर्जाचेच, म्हणजे धूळ-पाणी आत न जाणारे, घ्या. कुणी जुने मेटल हॅलाइडचे दिवे फुकट देत असेल तर नम्रपणे नको म्हणा. लाइट गेली की ते परत पूर्ण पेटायला दहा-पंधरा मिनिटं घेतात आणि वीजही जास्त खातात.

काम संपलं की शेवटचं बिल निघायच्या आधी उजेड मोजा. मोबाइलच्या अॅपवर विसंबू नका. कुठल्याही अभियांत्रिकी कॉलेजच्या इलेक्ट्रिकल विभागात लक्स मीटर असतो, विनंती केली तर प्राध्यापक विद्यार्थ्यांना घेऊन येतात. आम्ही रात्री आठला सुरुवात केली. मैदानावर फक्कीनं दर दहा मीटरवर फुली मारली. एक पोरगी मीटर जमिनीलगत आडवा धरून फुलीफुलीवर बसत गेली, दुसरी आकडा ओरडत गेली आणि मी वहीत लिहीत गेलो. सरासरी ९६ आली. सगळे खूश. मग त्या प्राध्यापक मॅडमनी सगळ्यात कमी आकडा शोधायला सांगितला. पूर्वेच्या कोपऱ्यात ३१ होता. सगळ्यात कमी आकड्याला सरासरीनं भागलं की सरावाच्या मैदानालासुद्धा ०.५ यायला हवं, आमचं आलं ०.३२. म्हणजे मधे लख्ख आणि कोपऱ्यात काळोख. उजेडातून काळोखात गेलेला चेंडू दिसत नाही, तिथंच पाय मुरगळतात. ठेकेदाराचा माणूस परत वर चढला, दोन खांबांवरचे दिवे थोडे बाहेर वळवले आणि दुसऱ्या रात्री त्याच कोपऱ्यात ५२ आले. एकही पैसा जादा लागला नाही. पण बिल निघून गेलं असतं तर तो माणूस परत वर चढला नसता.

अशा मैदानावर सीझन बॉलचं क्रिकेट रात्री खेळू देऊ नका. १०० लक्सचा उजेड त्याला फार कमी आहे. टेनिस बॉल ठीक.

शेजाऱ्यांकडे आधी जा

मैदानाला लागून ज्यांची घरं आहेत त्यांच्याकडे खांब पडायच्या आधी जा, नंतर नव्हे. आमच्या दक्षिणेकडच्या बंगल्यातल्या काकूंच्या झोपायच्या खोलीची खिडकी नेमकी तिसऱ्या खांबासमोर येत होती. त्यांनी दार उघडून आम्हाला आत नेलं, पलंगावर बसवलं आणि म्हणाल्या, "इथं बसून बघा तुम्हीच." बघितलं. खांब चार मीटर सरकवला, त्यावरच्या दिव्यांना मागून पत्र्याची झाप लावून घेतली, आणि साडेआठला दिवे बंद असं लिहून दिलं. टायमर लावलाय, तो कुणासाठीही थांबत नाही. स्पर्धेच्या दिवशी वेळ वाढवायची असेल तर आठवडाभर आधी त्या गल्लीत सांगून येतो. लाउडस्पीकर रात्री दहानंतर कायद्यानंच बंद. मैदानावर तो साडेआठच्या आतच बंद व्हावा.

दिवे लागल्यावर

काम पूर्ण झाल्याचा दाखला, परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा चाचणी अहवाल, दिव्यांची वॉरंटी कार्डं आणि दोषदायित्व कालावधी (ठेकेदारानं कामातले दोष स्वतः दुरुस्त करून द्यायची मुदत) किती हे सांगणारं पत्र एका फायलीत. त्या फायलीची दुसरी प्रत दुसऱ्याच्या घरी. वॉरंटीत दिवा गेला तर पहिली तक्रार लेखी, फोटोसकट, तारखेसकट.

वर्षातून एकदा, पावसाळा संपून दिवाळी यायच्या आधी, दिव्यांच्या काचा पुसून घ्या. पाखरं, कोळिष्टकं, ऊसतोडीच्या दिवसांतली काजळी, सगळं तिथं साचतं आणि उजेड मुकाट्यानं कमी होत जातो. त्याच दिवशी खांबांचे नटबोल्ट आणि अर्थिंगचं रीडिंग. एक ड्रायव्हर आणि एक दिवा कायम शिल्लक ठेवा, कारण तीन वर्षांनी तोच नमुना बाजारात मिळत नाही.

आणि मीटरचं रीडिंग रोज वहीत लिहा. आमच्याकडे हे काम बारावीतल्या एका मुलीकडे आहे. टायमरनं दिवे गेले की ती पॅनेलच्या मीटरवर मोबाइलची टॉर्च मारते, आकडा टिपते, कालच्यातून वजा करते. परवा २४ च्या जागी ३१ युनिट आले. दुसऱ्या दिवशी सकाळी बघितलं तर कुणीतरी पॅनेलवरून पाण्याच्या मोटारीला वायर जोडलेली. ती त्याच सकाळी काढली.